वर बघा, माझ्याकडं नको

"वर बघा. माझ्याकडं काय बघताय? वर बघा."

त्या दिवशी जेवणं झाली, भांडी पालथी पडली, टीव्हीवरची तिची मालिका संपली आणि ती फ्रिजच्या दारातली माझी बाटली घेऊन आली. मी खाटेवर उताणा, ती उशाशी उभी. एका बोटानं माझी खालची पापणी ओढली, दुसऱ्या हातात बाटली, आणि तोंडात नेहमीचं वाक्य. मी वर बघितलं. पंख्याच्या पात्याला जळमट लोंबत होतं. थेंब पडला. गार.

"मिटा. चोळू नका. कोपरा दाबून धरा."

मग मी उठलो, ती आडवी झाली आणि मी तिच्या डोळ्यांत थेंब टाकले. माझी बोटं जाड, जन्मभर पोती उचलून झालेली. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा आत.

"गालाला न्हाय झाला काचबिंदू," ती म्हणाली.

हे ती रोज म्हणायची. मी रोज ऐकून घ्यायचो. त्या दिवशी पण ऐकून घेतलं, दिवा घालवला आणि झोपलो. आमचं शेवटचं म्हणाल तर एवढंच.

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. सगळा संसार झाला, तोंडानं कधी घेतलं नाही. आता घेऊन ती थोडीच ओ देणार आहे. बाजारात तिला सगळे बारदानवाली मावशी म्हणायचे. मी पण चारचौघांत तसंच म्हणायचो. "बारदानवाली आज आली न्हाय का?" असं मी, तिच्या नवऱ्यानं, दुसऱ्या हमालाला विचारायचं, आणि तो म्हणायचा, "घरी इचारा की."

तुर्भ्याच्या दाणाबाजारात तुम्ही कधी गेला असाल तर बघितलं असेल. गाळ्यांच्या मागच्या अंगाला बायका रिकाम्या पोत्यांच्या ढिगात बसलेल्या असायच्या. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा. ह्या रिकाम्या पोत्यांना बारदान म्हणतात. माल रिकामा झाला की पोतं ह्यांच्याकडं यायचं, ठिगळ लागून परत भरायला जायचं. मी पुढं पोती वाहायचो, ती मागं शिवायची. दोघांचं पोट पोत्यावर.

बाकीच्या बायका पोतं उलटं-पालटं करून भोक शोधायच्या. ही भोक शोधायचीच नाही. पोतं दोन्ही हातांनी वर धरायची, उजेडाकडं तोंड करून, आणि आत डोकं घातल्यासारखी बघत राहायची. जिथनं उजेड जास्त येतोय तिथं दाभण.

"भोक काय, आंधळ्याला बी घावतं," ती म्हणायची. "विरलेलं बघावं लागतं."

तिच्या हातचं पोतं माझ्या पाठीवर कधी फाटलं नाही. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, हमाल म्हणून सांगतोय. भर बाजारात पाठीवरचं पोतं फाटून तांदूळ सांडला की माणसाची काय शोभा होते ते ज्यानं वाहिलंय त्यालाच माहीत.

हमालांशी तिचं कायम वाजायचं. लोखंडी आकडा घालून पोतं ओढलं की ही तिथनंच ओरडायची, "आरं, पोत्यात घालतूस का माज्या जिवात?" एकदा एक जण म्हणाला, "मावशे, भोक पडलं तर तुझंच काम वाढतंय, तुला काय झालं?" ती म्हणाली, "तुज्या धोतराला घालते आकडा, मग शिवून देते. चालंल?" तो माणूस पुढं बरेच दिवस आमच्या गाळ्याकडं आकडा लपवून यायचा.

ही उजेडाला धरायची खोड घरातही होती. माझा सदरा, चादर, टॉवेल, सगळं धुऊन वाळत घालायच्या आधी उजेडाला. चपातीसुद्धा. लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाला हिनं खिडकीजवळ बसवलं. तो बिचारा घामानं भिजला. ते गेल्यावर म्हणाली, "पोरगं बरं हाय. कुठं विरलेलं न्हाय." लेक आता खारघरला असते. जावई आहे तसाच आहे, म्हणजे बरा आहे.

तर ही अशी बघणारी बाई. आणि तिच्याच डोळ्याचं तिला कळलं नाही.

आधी ती हातगाडीवर आदळली. डाव्या बाजूनं गाडी आली, हिला दिसलीच नाही. गाडीवाला ओरडला, "आंधळी झालीस का गं?" हिनं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग घरात चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. मग दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला, तोच डावा. मी म्हणायचो, घर लहान आहे. कोपरखैरण्यातली आमची खोली तशी लहानच. पण खांदा आधी लागत नव्हता.

लेकीनं आम्हाला वाशीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक मशीन होतं. त्यावर हनुवटी ठेवायची, कपाळ टेकवायचं, आत हिरवा ठिपका दिसतो त्याच्याकडं बघत राहायचं. सुई नाही, चिरफाड नाही. बाहेर एक कागद येतो, त्यावर रंग असतात. हिरवं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे गेलं. हिच्या डाव्या डोळ्याच्या कागदावर लालच लाल. उजव्यालाही थोडं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागं एक पडदा असतो. त्यात बारीक तंतूंचा थर असतो, तेच तंतू पुढं नस होऊन मेंदूकडं जातात. काचबिंदूत हा थर पातळ होत जातो. दुखत नाही, खुपत नाही. पुष्कळ पातळ होईपर्यंत माणसाला काही कळत नाही, कारण कडेचं दिसणं आधी जातं आणि समोरचं शाबूत राहतं. हे मशीन थराची जाडी मोजतं.

ही खुर्चीत पुढं सरकून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी विरलंय."

"हो मावशी. तसंच म्हणा."

"मग ठिगळ लावा की."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "ठिगळ नाही लावता येत. गेलं ते येत नाही. राहिलंय ते टिकवायचं. रोज थेंब टाकायचे, कायमचे."

बसमध्ये तिनं खिडकीची जागा धरली. ठाणे-बेलापूर रोडला गाडी रखडली होती, बाहेर नुसते ट्रकच ट्रक. उतरताना म्हणाली, "माज्या आबाचं बी हेच असनार."

तिचा आबा म्हणजे माझा सासरा. म्हातारपणी त्याची नजर गेली. गावात सगळे म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. कच्चा काढायचा नसतो म्हणे. मग आम्ही सगळे तो पिकायची वाट बघत बसलो, जसा काय आंबाच. म्हातारा ओट्यावर बसायचा आणि भर दुपारी विचारायचा, "दिवाबत्ती झाली का गं?" पोरं हसायची. शेवटी तालुक्याला नेला तर डॉक्टर म्हणाला, आता काही उरलं नाही, आणि हा मोतीबिंदू नाहीच. त्यानं दुसरं काहीतरी नाव सांगितलं होतं. ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हे घराण्यात उतरतं, मुलांची आणि भावंडांची तपासणी करून घ्या. हिला भाऊ-बहीण कुणी उरलं नाही. लेकीला नेली. तिचा कागद सगळा हिरवा आला. वर्षाला एकदा येत जा म्हणाले. मला कोण विचारतंय. मी नवरा.

पण पुढच्या खेपेला ही तपासून झाल्यावर खुर्चीतनं उठेचना. म्हणाली, "आता ह्यांचं बगा."

"काकांना काही त्रास आहे का?"

"काही नाही," मी म्हणालो. "समोरच्या बिल्डिंगवर कावळा बसलाय, तो कुठल्या पायावर जोर देऊन बसलाय ते पण सांगतो."

"घरात कुणाला काचबिंदू?"

मी हिच्याकडं हात केला. "ही काय बसलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बायकोचं धरत नाहीत काका. रक्ताचं नातं लागतं."

झालं, मी पिशवी घेऊन उठलो. ही बसलेलीच.

"आमचं रक्ताचंच हाय," ती म्हणाली. "ह्यांची आई आन् माजा बाप सख्खी बहीण-भाव. मी ह्यांच्या मामाची पोर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी नवरा म्हनून लिवलं. नवरा तर हायतच की."

आता ह्यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्याकडं मामाला पोरगी असली की दुसरीकडं कोण विचारायला जात नव्हतं. ती तिथंच अंगणात खेळलेली, मी तिथंच सुट्टीला जाणार, ठरलेलंच. लग्न झाल्यावर मामाचा सासरा झाला, आणि सासऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणजे तोंडाला सवय बदलावी लागली नाही. म्हातारा आंधळा झाला तेव्हा मी म्हणालो, हिचा बाप आंधळा झाला. माझ्या आईचा भाऊ आंधळा झाला, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तिच्या डोक्यात आलं. किती दिवस घोळवत होती कुणास ठाऊक.

मला त्या मशीनवर बसवलं. "काका, पापणी नका हलवू," मशीनवरची बाई म्हणत होती. मी हलवत होतो. पापणीच ती, माझं ऐकते काय? फोटो वाया जात होते. मागनं आमची ही म्हणाली, "मिरचीची पोती उचलताना हालत नव्हती, आता काय भूत बगितलं?" मशीनवरची बाई हसली, मला राग आला, आणि रागानं पापणी जागेवर राहिली. फोटो निघाला.

डोळ्याचा दाब बरा होता. भिंतीवरची अक्षरं, म्हणजे आकडे, मी सगळे ओळखले. कडेचं दिसणंही शाबूत. पण कागदावर उजव्या डोळ्याला खालच्या बाजूला पिवळं होतं आणि त्यात लाल कोर. डॉक्टरीणबाईंनी आणखी एकदा मशीन लावून खात्री केली. म्हणाल्या, "नजर अजून गेलेली नाही. पण थर पातळ व्हायला लागलाय. अगदी सुरुवात आहे. घरात असं आहे म्हटल्यावर आपण थांबायचं नाही, थेंब सुरू करू."

हिनं तो कागद त्यांच्या हातनं घेतला, खिडकीकडं गेली आणि उजेडाला धरला.

"मावशी, तसं नाही दिसणार त्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असूं द्या. सवय हाय." मग वळली आणि हसली. स्वतःचं कळल्यापासनं ती पहिल्यांदा हसत होती. "माजं फाटल्यावर कळलं, बाई. ह्यांचं विरतानाच घावलं."

मला काही आनंद झाला नाही, खरं सांगतो. दिसतंय सगळं, दुखत काही नाही, आणि मरेपर्यंत औषध. घरी येऊन मी म्हणालो, "मला होतंय काय पण?"

"त्येच तर," ती म्हणाली. "काय होत न्हाय तवरच."

पुढची गोची अशी की मला स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकता येत नाही. बाटली जवळ आली की डोळा आपोआप गच्च मिटतो. मग सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवल्यावर ती माझ्या उशाशी. अर्धी नजर गेलेली बाई, पण तिचा थेंब कधी चुकला नाही. मान वाकडी करून, चांगल्या बाजूनं नेम धरायची. मी नेमका तिच्याकडं बघायचो, कारण तोंड एवढं जवळ आलं की माणूस दुसरीकडं कुठं बघणार? मग ते वाक्य. वर बघा, माझ्याकडं नको.

मला शिकवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला. मी भिंतीवरच्या आरशासमोर उभा, ती बाजूला. मी पापणी ओढणार, बाटली तिरकी करणार, डोळा मिटणार, आणि औषध ओठावर.

"मिशीला पाजताय व्हय?"

"तू आहेस ना. टाक तू."

"माज्या माघारी काय करनार?"

"तू कुठं चाललीस?"

"मरायचं ऱ्हाऊ द्या, दोन दिस गावाला तरी जाऊ का नको?"

पण गावाला ती एकटी कधी गेली नाही. थेंबांमुळं नाही गेली. भाचीच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो तर वाटीत बर्फ, बर्फात बाटली, आणि मांडवाच्या मागं खुर्चीवर मला मागं वाकवून ही उभी. बायका बघून तोंडाला पदर लावत होत्या. हिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

पोती शिवायचं तिनं सोडलं. डोळ्यांमुळं सोडलं असं सगळे म्हणाले. ती म्हणायची, तसं नाही, पोतीच बदलली. तागाची गेली, प्लॅस्टिकची आली. "प्लॅस्टिकचं विरत न्हाय," ती म्हणायची. "चांगलं दिसतंय दिसतंय आन् एकदम फाटतं. त्याला उजेडाला काय धरायचं?"

तपासणीला आम्ही जात राहिलो. माझा नवा कागद आला की ती आधी रंग विचारायची. स्वतःच्या कागदाचं विचारायची नाही. मी म्हणालो, तुझं पण विचार की. म्हणाली, "माजं काय बगायचं, त्याच्यावर ठिगळ न्हाय." मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी माझा पहिला कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, "काका, जराही हललेलं नाही. होतं तेवढंच आहे." बाहेर आल्यावर हिनं दोन ग्लास उसाचा रस सांगितला, बर्फ न घालता, आणि माझ्या ग्लासात स्वतःच्यातला ओतला. मला रस आवडत नाही. तिलाही माहीत होतं. मी प्यालो.

ती गेली त्याला आता काही दिवस झाले. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाला. आधी काही त्रास होता का, काही म्हणत होत्या का, असं सगळ्यांनी विचारलं. काही म्हणत नव्हती. चांगली दिसत होती. तिचं ते प्लॅस्टिकच्या पोत्यासारखं झालं. डोळ्याची जाडी मोजायला मशीन होतं, तिकडं आम्ही धावत होतो. बाकी कुठं मशीन लावायचं कुणाला सुचलं नाही.

लेक म्हणते, खारघरला चला. तिथं दहाव्या मजल्यावर खूप उजेड आहे. जाईन बहुतेक. मला कशाचाच आता उत्साह नाही. भेटायला येणारे येतात, तेच विचारतात, मी तेच सांगतो. तोंड दुखतं. एक गोष्ट मात्र कुणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही, ती त्या सकाळची.

रोज ती माझ्या आधी उठायची. त्या दिवशी खिडकीतनं ऊन आलं तरी स्टोव्हचा आवाज नाही. मी हाक मारली, म्हणजे नेहमीसारखं "अगं" म्हणालो. मग हात लावला. जन्मभर वजनं उचलली आहेत मी. हाताखाली काय आहे ते मला लगेच कळलं.

मी बसून राहिलो. शेजारची बेल वाजवायची होती, लेकीला फोन करायचा होता. पण एकदा बेल वाजवली की घर भरणार. मला उठवून बाहेर गॅलरीत बसवणार. बायका आत, पुरुष बाहेर, कुणी खांद्यावर हात ठेवणार, कुणी पाणी देणार. बाटली कुणाच्या लक्षात राहणार नाही. माझ्या तर नाहीच. सकाळचा थेंब जाईल, मग रात्रीचा जाईल, आणि एकदा राहिलं की राहिलंच. तेवढ्यासाठी ती मांडवाच्या मागं उभी राहिली नव्हती.

मी फ्रिज उघडला. बाटली घेतली आणि परत तिच्या शेजारी माझ्या जागी उताणा झालो. बोटानं पापणी ओढली. मान सारखी तिच्याकडं वळत होती.

वर बघितलं. पंख्याचं जळमट तिथंच होतं.

पहिला थेंब मिशीत गेला. कुणी काही बोललं नाही. दुसरा आत पडला. मग दुसऱ्या डोळ्यात. डोळे मिटले, चोळले नाहीत, नाकाजवळचा कोपरा दाबून धरला, ती म्हणायची "झालं, सोडा" तितका वेळ.

मग बाटली जागेवर ठेवली, फ्रिजचं दार लावलं आणि शेजारची बेल वाजवली.